साडेसतरा सूत

टेलिकास्टर या विजेवर चालणाऱ्या गिटारच्या नेकची, म्हणजे दांड्याची, बॉडीत बसणारी टाच साडेपंचावन्न मिलिमीटर रुंद असते. हे माप मी सुतारकाकांना वाचून दाखवलं, तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, फळीच्या कडेला दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "साडेसतरा सूत. सरळ तसं सांगा ना, ताई."

एका इंचात आठ सूत. त्या हिशेबात ही गिटार बिनतोड बसते. नेकसाठी बॉडीत जो खण कोरायचा तो पाच सूत खोल, बॉडीची जाडी पावणेदोन इंच, म्हणजे चौदा सूत. मी महिनाभर मिलिमीटरचे दशांश वहीत उतरवत बसले होते. कळव्याच्या त्या दुकानात पाच मिनिटांत सगळी मापं तोंडपाठ झाली.

गिटार बनवायचं डोक्यात आलं ते खांद्यामुळे. माझी जुनी गिटार चार किलोच्या वर भरायची. पट्टा डाव्या खांद्यावर येतो, आणि तासभर उभं राहून वाजवलं की तो हात दुसऱ्या दिवशी डोक्याच्या वर जात नसे. हलकी गिटार विकत मिळते, पण मला नेक बारीक हवा होता, रंग नको होता, लाकूड दिसायला हवं होतं. हे सगळं एका गिटारमध्ये मिळेना. मग वाटलं, आपणच करू.

पार्ट जोडून गिटार करणं हे या वाद्याच्या रचनेतच आहे. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नसे. १९५० साली त्याने जी गिटार बाजारात आणली तिचा नेक सरसाने चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी आवळलेला होता. खराब झाला तर काढायचा, दुसरा लावायचा. नाव आधी ब्रॉडकास्टर होतं, पण तशाच नावाचे ड्रम ग्रेच कंपनी विकत होती, म्हणून ते सोडावं लागलं आणि १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव आलं. ते चार स्क्रू नसते तर नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात हे काम काढायची माझी हिंमत झाली नसती.

बाबांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. क्वीनच्या ब्रायन मेने शाळेत असताना, १९६३ मध्ये, वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली आणि नेकसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं. (त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.) बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर केबलचे जोड दिलेत. त्यांनी विचारलं, "त्याचे वडील काय करायचे?" इलेक्ट्रॉनिक्समधले होते म्हटल्यावर ते माळ्यावर चढले आणि आपली हत्यारांची पेटी खाली घेऊन आले.

नेक मी विकत घेतला आणि तो निर्णय बरोबरच होता. पडदे (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवण्याचं गणित सोपं दिसतं: तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, तिला १७.८१७ ने भागलं की पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा, असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ वर. पण हे बारीक करवतीने लाकडात उतरवायचं, एकवीस वेळा, प्रत्येक वेळी केसाइतकंही न चुकता, हे पहिल्याच खेपेला जमणारं काम नव्हे. तयार मेपलचा नेक मागवला. यायला पाच आठवडे लागले, तेवढ्यात लाकूड शोधलं.

मला सागवान हवं होतं. वखारीत काका सोबत आले आणि त्यांनी माझा हात धरून एक सागाची आणि एक शिवणीची, सारख्याच मापाच्या दोन फळ्या उचलायला लावल्या. "खांदा दुखतो म्हणता आणि साग घेता?" शिवण पिवळसर पांढरी, रंध्याला मऊ, आणि नीट मुरलेली असली की फारशी वाकत नाही. कोकणात तिची दारंखिडक्या करतात. शिवाय साग तेलकट असतो, जोड देताना थिनरने पुसून घेतला नाही तर सरस धरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. काकांनी फळीच्या टोकाला बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, मलाही ठोकायला लावलं. सागाचा आवाज भरीव, शिवणीचा जरा मोकळा. त्या आवाजाने विजेवर चालणाऱ्या गिटारचा स्वर किती बदलतो यावर लोक तावातावाने भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. तारांखाली जे पिकअप असतात त्यांतलं चुंबक आणि तारेचं वेटोळं फक्त पोलादी तारेची थरथर टिपतात, लाकूड त्यांना ऐकू येत नाही. वजन मात्र खांद्याला नक्की कळतं. बॉडी पूर्ण कोरून झाल्यावर आमच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली तेव्हा १ किलो ८६० ग्रॅम भरली.

आकाराचा फर्मा वागळे इस्टेटमध्ये एमडीएफमधून लेझरवर कापून घेतला. नकाशा कागदावर छापून आधी पट्टीने मोजून पाहा, हे मी आग्रहाने सांगेन. प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र किंचित लहान करतो आणि ते डोळ्यांना कळत नाही. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये ६४८ चे ६२९ झाले होते.

दोन फळ्यांचा जोड, क्लॅम्प लावून रात्रभर, मग फर्म्याला चिकटून फिरणाऱ्या राऊटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, बाहेरचा आकार. हे काकांनी केलं, मी धरून उभी होते. शिवणीचा भुसा पिठासारखा उडतो आणि घशात बसतो, मास्कशिवाय तिथे थांबू नये.

नेकचा खण मात्र मी स्वतः कोरणार असं ठरवलं होतं. दोन तुकड्यांवर सराव केला, दोन्ही छान जमले. तिसऱ्यांदा, खऱ्या बॉडीवर, फर्मा दुहेरी टेपने चिकटवताना मी खालचा भुसा पुसला नाही. शेवटच्या फेरीला फर्मा सरकला. आवाजात काही फरक पडला नाही, हाताला धक्का बसला नाही. राऊटर उचलला आणि पाहिलं तर बारीक तारांच्या बाजूची भिंत अर्धा सूत आत गेली होती.

काका म्हणाले, "दाराच्या चौकटीला अर्धा सूत म्हणजे काहीच नाही." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी विचारलं, "इथे किती चालतो?"

म्हणून आम्ही दोरा लावून पाहिला. शिवणकामाचा काळा दोरा घेतला, वरच्या टोकाला नेकच्या दोन्ही कडांवर चिकटवला, खाली ब्रिज, म्हणजे घोडी, जिथे बसणार तिथे, पहिली आणि सहावी तार जिथून निघेल त्या खुणांवर ताणला. जाड तारेचा दोरा फिंगरबोर्डच्या कडेपासून चार मिलिमीटर आत होता. बारीक तारेचा शेवटच्या पडद्याशी कडेला जवळजवळ टेकला होता. वाजवताना बोटाच्या जरा ओढीने ती तार कडेवरून खाली पडली असती. नेकला मागे फक्त तीन इंच आधार आणि पुढे दीड फुटाच्या वर लांबी. मागे अर्धा सूत ढिला सोडला तर पुढे तोच कितीतरी पटीने वाढतो.

काका बराच वेळ त्या दोऱ्याकडे पाहत राहिले. मग उरलेल्या फळीतून त्यांनी एक पट्टी काढली, रेषांची दिशा बॉडीच्या रेषांशी जुळवून, दोन सूत जाडीची. खणाची भिंत पटाशीने तेवढी आणखी कापली, पट्टी चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी हातानेच, पटाशीने एकेक साल काढत, नेक पुन्हा पुन्हा बसवून पाहत, माप गाठलं. राऊटर त्यांनी हातात घेतला नाही. शेवटी नेक खणात दाबला आणि बॉडी उचलली, तर स्क्रू न लावताही नेक सुटला नाही. ती पट्टी आज पाहणाऱ्याला दिसत नाही. मला दिसते, आणि ती काकांच्या हाताची आहे याचा मला आनंद आहे.

पॉलिशचं सांगायचं तर ठाण्यात जुलैत पॉलिश करू नये. मी केलं. फवारलेलं लॅकर सुकताना हवेतला ओलावा धरतं आणि त्यावर दुधाळ पांढरी साय येते. सगळं ३२० नंबरच्या पेपरने घासून काढलं आणि बॉडी जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटावर ठेवली. नवरात्र उलटल्यावर, कोरडी हवा पडली तेव्हा, तेच सामान, तोच हात, आणि काचेसारखं पॉलिश आलं.

नेकचे चार स्क्रू आवळण्याआधी भोकं पाडून घ्यायची आणि स्क्रूला साबण लावायचा. मेपल कठीण असतं, कोरडा स्क्रू आत मोडतो. ब्रिजची जागा मात्र पुन्हा दोरा लावूनच ठरवली, तीही दोनदा.

विजेचं काम बाबांचं. पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायची फिरती बटणं, आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. साध्या, एका वेटोळ्याच्या पिकअपना २५० किलोओहमचे पॉट लागतात, आणि ते लॉग असावेत. लिनिअर लावले तर आवाजातला सगळा फरक बटणाच्या शेवटच्या थोड्याशा फिरकीत कोंबला जातो. तिसऱ्या दुकानात लॉग मिळाले. विजेच्या सामानाच्या खणाला आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, सगळ्या पट्ट्या एकमेकींना सोल्डरने जोडल्या (बाबा त्याला अजून डाग देणं म्हणतात) आणि ब्रिजखालून एक वायर आणून अर्थला दिली. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती या वायरमुळे. ॲम्पच्या पॉइंटला अर्थिंग नीट आहे की नाही हेही बाबांनी आधी तपासलं. जुन्या इमारतीत तिसरं भोक नुसतं शोभेचं असू शकतं, आणि गिटार वाजवणाऱ्याच्या हातात धातूच्या तारा असतात.

पहिल्यांदा ॲम्पला जोडली तेव्हा मागचा पिकअप खणखणीत वाजला, पुढचा गोल, मऊ. स्विच मध्ये ठेवला की दोन्ही एकत्र वाजतात, आणि टेलिकास्टरची मला सगळ्यात आवडणारी जागा तीच. तिथे आवाज पातळ झाला, नाकात बोलल्यासारखा. खालचे स्वर गायबच.

मी परत सगळे जोड तपासायला घेतले. बाबांनी थांबवलं. त्यांनी काट्याचा जुना मीटर काढला, अगदी कमी रेंजवर लावला, मागच्या पिकअपच्या दोन वायरींना जोडला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक चुंबकावर हलकेच टेकवलं. काटा उजवीकडे उडाला. मग तेच पुढच्या पिकअपला. काटा डावीकडे उडाला. "एक म्हणतोय ये, दुसरा म्हणतोय जा," ते म्हणाले. पिकअप दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. एकाच तारेची तीच हालचाल, पण दोघांमधून उलट दिशेचा प्रवाह निघत होता आणि ते एकमेकांना खात होते.

उपाय म्हणजे एकाच्या वायरी उलटवायच्या. पण पुढच्या पिकअपवर धातूचं झाकण असतं, आणि ते वेटोळ्याच्या एका टोकाला जोडलेलं असतं. नुसत्या वायरी उलटवल्या तर झाकण अर्थऐवजी सिग्नलच्या बाजूला जातं आणि हात लागला की गुरगुरतं. म्हणून आधी झाकणाचा तो छोटा दुवा तोडायचा, झाकणाला स्वतंत्र तिसरी वायर द्यायची, आणि मग उलटवायच्या. दुव्याच्या शेजारीच वेटोळ्याची तार असते, केसाएवढी बारीक, ती तुटली की पिकअप गेला. बाबांनी चष्म्यावर भिंग लावलं, पंखा बंद करायला सांगितला. त्यांचा हात आता थोडा कापतो. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, श्वास धरला, आणि चिमट्याने दुवा उचलून कापला. मीटरवर पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला. काटा उजवीकडे. मध्यावरचा आवाज आल्यावर ते काहीच बोलले नाहीत, खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "वाजव."

इथपर्यंत आलं की माणसाला वाटतं गिटार झाली. पार्ट जोडले गेलेले असतात, वाद्य अजून व्हायचं असतं. जोडणीपेक्षा ही पुढची जुळवणीच मला जास्त शिकवून गेली, आणि ती मी आईच्या कानाने शिकले.

आई गाणं शिकलेली आहे. घरात मिरजेचा तानपुरा आहे. जवारी लावणं म्हणजे काय हे मी लहानपणापासून पाहिलंय: घोडी आणि तार यांच्यामध्ये दोरा सरकवत जायचा, आणि एका जागी स्वर उघडतो, रुंद होतो. म्हणून दुसऱ्या तारेवर जी कुरकुर ऐकू येत होती तिला मी मनात जवारीच म्हणत होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जवारी नाही गं ती. जवारीने स्वर वाढतो. तुझा पंचम मरतोय."

मोकळी तार षड्ज धरली तर पंचम सातव्या पडद्यावर येतो. सातव्यावर दाबलं की तार पुढच्या, आठव्या पडद्यावर घासत असणार. पोलादी पट्टीची कड सात, आठ, नऊ या तिन्हींवर उभी टेकवली तर ती डुलली. आठव्याचं एक टोक खोबणीतून वर आलं होतं, नखाला जेमतेम कळेल इतकं. पातळ सुपरग्लूचा एक थेंब, वर लाकडाचा ठोकळा, क्लॅम्प, अर्धा तास. मग पडद्याच्या माथ्यावर मार्करने काळं करून कानस एकदाच हलकी फिरवली, माथा पुन्हा गोल केला. चकाकी आणायला बारीक स्टील वूल वापरायचं असेल तर पिकअप आधी मास्किंग टेपने झाका, नाहीतर त्याचे तंतू चुंबकाला कायमचे चिकटतात.

नेकचा बाक मोजायला मी स्कूटरच्या टॅपेटसाठी मिळणारा फीलर गेज वापरला. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबायची, मधे पाव मिलिमीटरची पट्टी जेमतेम सरकली पाहिजे. बाराव्या पडद्याशी तारेची उंची १.६ मिलिमीटर. नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात त्या नटमध्ये एक खाच मी जास्त खोल केली, तेव्हा हाडाचाच भुसा सुपरग्लूने त्यात भरून पुन्हा कानसली. हे सगळं सावकाश, प्रत्येक फेरीनंतर पुन्हा सुरात लावून.

शेवटी ब्रिजवरचे स्क्रू. बाराव्या पडद्यावर नुसतं बोट टेकवून येणारा स्वर आणि दाबून येणारा स्वर एक झाला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर तारेची लांबी वाढवायची. सहाही तारा ट्यूनरवर बरोबर आल्या. मी ई मेजर वाजवला, आणि आई म्हणाली, "गंधार चढा आहे."

संध्याकाळभर मी ते स्क्रू फिरवत होते. गंधार उतरवला की दुसरं काहीतरी बिघडे. मग लक्षात आलं की आई बरोबर आहे आणि गिटारही बरोबर आहे. बारा समान भाग करून पडदे बसवले की गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा येतो. दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातल्या सुमारे चौदा भागांनी. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप निघणारा गंधार ज्या कानाने पन्नास वर्षं ऐकलाय त्याला ते खटकणारच. आईला गणित सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पेटीचंच झालं की." आता मी एकटी वाजवत असते तेव्हा तिसरी तार कणभर उतरवून लावते. ई मेजर गोड लागतो, बाकीचे कॉर्ड थोडं सहन करतात.

या जुलैत पहिल्या मोठ्या पावसाच्या आठवड्यात तारा उंच लागायला लागल्या. नेकला बाक आला होता. फीलर गेजची पाव मिलिमीटरची पट्टी सहज जात होती, त्यावर आणखी एक मावत होती. नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा आवळला, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी पुन्हा मोजलं, आणखी थोडा आवळला.

काकांकडे शिवणीची उरलेली फळी अजून आहे. त्यांनी ती दुकानाच्या माळ्यावर, खाली पट्ट्या घालून, सगळीकडून वारा लागेल अशी ठेवली आहे. परवा गेले होते तर तिच्यावर खडूने ५५.५ लिहिलेलं, आणि शेजारी साडेसतरा. दुसरी गिटार माझ्या भाचीसाठी करायची आहे. दिवाळी झाल्यावर या, असं ते म्हणालेत.